सूत्रसंचालकाचा उजवा कान

सिंगापुरात, यिशुनमधल्या एका औद्योगिक इमारतीत आमचा स्टुडिओ आहे. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. मी तिथे साउंड बघते, म्हणजे लोकांच्या कॉलरला माइक लावते, त्यांच्या कानात इअरपीस घालते आणि सेटच्या कडेला मिक्सर मांडून दिवसभर हेडफोनमधून त्यांचे श्वास ऐकत बसते. नवरा आयटीत आहे, त्यामुळे आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर येणारे पाहुणेही सगळे आयटीतले. माझं काम ऐकून ते "म्हणजे डीजे का?" असं विचारतात. मी हो म्हणते. जेवायला आलेल्या माणसाशी कशाला वाद घालायचा.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम आला. स्पर्धक भारत, पाकिस्तान, बांगलादेश, सगळीकडचे, इथे नोकरी-शिक्षणासाठी आलेले. असं सगळ्यांना एका सेटवर उभं करायचं तर ते तिसऱ्याच देशात जमतं, म्हणून सिंगापूर. आणि सूत्रसंचालक म्हणून तो येणार होता. त्याचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढे कळेलच.

पुण्यात कॉलेजला असताना मैत्रिणीच्या दुबईच्या काकांनी आणलेल्या कॅसेटवरून मी त्याला पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तो एका बँडचा गायक होता. कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं करत माझ्यापर्यंत जी आली तिच्यात निम्मी खरखर होती. पण त्या खरखरीतूनही त्याचा वरचा सूर असा सरळ यायचा की वाटायचं, या माणसाला सूर लावावा लागतच नाही. साउंडच्या धंद्यात मी आले त्याला तो थोडाफार जबाबदार आहे.

पुढे त्याचा बँड फुटला आणि या माणसानं काय काय केलं ते आधी कानावर येत गेलं, मग फोनवर दिसत गेलं. जाहिरातींची गाणी केली. मग तेही सोडून एका मालिकेत हृदयाचा डॉक्टर झाला. मग खाण्याचा कार्यक्रम, त्यात तो दुसऱ्यानं शिजवलेल्या बिर्याणीत नुसता चमचा फिरवायचा. मग सकाळचा गप्पांचा कार्यक्रम, त्यात अनोळखी लोकांची लग्नं जुळवायचा. आणि आता ही प्रश्नमंजूषा. गाणं कुठेच नाही. एवढा गळा असलेल्या माणसानं पडद्यावर बक्षिसं वाटत ओरडत फिरावं, याचा मला मनापासून राग यायचा. पोटासाठी माणूस काहीही करतो हे कळतं, पण तरी.

सगळ्यात जास्त राग यायचा तो त्याच्या त्या प्रसिद्ध लकबीचा. स्पर्धकानं उत्तर दिलं की हा कानामागे हात धरून, मान वळवून, पूर्ण त्याच्याकडे तोंड करून म्हणायचा, "महफ़िल को सुनाइए." मग स्पर्धकानं तेच उत्तर पुन्हा जोरात सांगायचं आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटायच्या. आमची मुलगी घरात त्याची नक्कल करायची. तो आमच्या स्टुडिओत येतोय म्हटल्यावर ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, दॅट शाउटिंग अंकल, लाह," आणि मला पुण्यातली माझी कॅसेट आठवून अगदी कसंतरी झालं.

पहिले काही दिवस त्याचा माइक माझा एक सहकारी बघायचा, इथलाच, चिनी. मग त्याला रिझर्व्हिस्टच्या लष्करी सरावासाठी बोलावणं आलं आणि तो मला एवढंच सांगून गेला की हा माणूस भारी चोखंदळ आहे, त्याला इअरपीस डाव्याच कानात लागतो आणि त्यात स्पर्धकांचाही आवाज सोडावा लागतो. मी म्हटलं, नखरे. इअरपीसमध्ये फक्त दिग्दर्शकाचा आवाज द्यायचा असतो. आणि आमच्या धंद्यातला साधा नियम असा की स्पर्धक ज्या बाजूला उभा, त्या बाजूचा कान मोकळा ठेवायचा. आमच्या सेटवर स्पर्धक त्याच्या डावीकडे उभे राहायचे. म्हणजे इअरपीस उजव्या कानात.

दुसऱ्या दिवशी सूत्रसंचालक मेकअपच्या खुर्चीत बसला होता. मी उजवीकडून गेले तसा त्यानं हात वर केला आणि डाव्या कानाला बोट लावलं. मी त्याला हिंदीत शांतपणे नियम समजावून सांगितला. कसं ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको. ऐकणाऱ्याला पुढे बोलायला जागाच राहू नये, असं. मेकअप करणारी बाई थांबली होती, दिग्दर्शक दारात उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग हसला आणि मान पुढे केली. मला वाटलं, पटलं.

साउंड चेकला मी मिक्सरमागून बटण दाबून विचारलं, "सर, आवाज येतोय?" त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. चित्रीकरण सुरू झालं.

पहिली स्पर्धक इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करणारी नागपूरची मुलगी होती. तिनं उत्तर दिलं, यानं कानामागे हात धरला, तिनं पुन्हा सांगितलं, टाळ्या. तेवढ्यात एक कॅमेरा बंद पडला. दिग्दर्शक आतल्या खोलीतून त्याच्या इअरपीसमध्ये म्हणाला, थांब. तो थांबला नाही. दिग्दर्शक पुन्हा म्हणाला, मग ओरडला. हा आपला हसत हसत पुढचा प्रश्न विचारतोय. मला वाटलं माझीच पातळी कमी आहे, म्हणून मी त्याच्या इअरपीसचा आवाज वाढवला. अजून वाढवला. शेवटी इतका वाढवला की त्याच्यापासून चार पावलांवर उभ्या मेकअपवालीला त्याच्या कानातून चिरचिर ऐकू आली आणि तिनं दचकून माझ्याकडे बघितलं. तेवढा आवाज कानात असता तर कुठल्याही माणसानं तो इअरपीस उपटून फेकला असता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मी घाईनं आवाज खाली ओढला आणि बसून राहिले. सकाळचा तो अंगठा मला दिसत होता. त्यानं माझा आवाज ऐकलाच नव्हता, माझे ओठ हललेले बघितले होते. आणि तो कानामागचा हात, ती महफ़िल, ते पूर्ण वळणं, ज्याची माझी मुलगी घरभर नक्कल करत फिरत होती, ती लकब नव्हतीच. तो माणूस इतकी वर्षं सगळ्यांसमोर उभा राहून खरंच ऐकण्याचा प्रयत्न करत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

फ्लोअर मॅनेजरनं हात हलवून चित्रीकरण थांबवलं तेव्हा मी उठून त्याच्याकडे गेले. त्यानंच उजव्या कानातून इअरपीस काढला, डाव्यात घातला आणि चष्मा सारखा केला.

"मोहतरमा," तो हळूच म्हणाला, "ये कान सिर्फ़ चश्मा टिकाने के लिए है."

जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला खालच्या कँटीनमध्ये बोलावलं. हलाल स्टॉलवरून त्यानं पराठा घेतला, मला चहा घेतला आणि मी त्याच्या डावीकडे बसेपर्यंत तो बोलायला लागला नाही. वर्षानुवर्षं रंगमंचावर उजवीकडे ड्रमवाला असायचा. एकदा कार्यक्रमानंतर कानात शिटी वाजायला लागली, ती थांबली तेव्हा त्या कानात काहीच उरलं नव्हतं. डाव्या कानानं बोललेलं कळतं, पण सूर वाकडा ऐकू येतो. हार्मोनियमची पट्टी एक दाबली तर ऐकू भलतीच येते. तो हे सगळं पराठ्याचे तुकडे करत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगत होता. लोकांना वाटलं, टीव्हीसाठी गाणं सोडलं. वाटू दिलं. बायकोला माहीत आहे आणि डॉक्टरला. ऐकू न येणाऱ्या माणसाला सूत्रसंचालक म्हणून कोण ठेवणार, असं त्यानं मला विचारलं.

आणि मग मला शेवटचा भाग आठवला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. दिग्दर्शकानं त्याच्यापासून लपवून एक बेत केला होता. शेवटच्या भागात अचानक पडदा सरकणार, मागे इथल्या मुलामुलींचा बँड त्याचं ते कॅसेटवरचं गाणं सुरू करणार आणि त्यानं इतक्या वर्षांनी ते सगळ्यांसमोर गायचं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बँडच्या तालमीला माइक मीच लावले होते, आणि खूश होऊन.

मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मी म्हटलं, मी दिग्दर्शकाशी बोलते, बेत रद्द करायला लावते. तो नको म्हणाला. रद्द करायला कारण द्यावं लागेल, आणि कारण एकच आहे. मग त्यानं उरलेला पराठा तसाच ठेवला आणि आम्ही वर गेलो.

शेवटच्या भागाला प्रेक्षक खचाखच होते. पुंगोलहून, सेंगकांगहून माणसं पोराबाळांना घेऊन आली होती, माझा नवरा आणि मुलगीही त्यांत होती. पडदा सरकला, गिटार सुरू झाली आणि त्यानं आश्चर्याचा असा उत्तम अभिनय केला की मला क्षणभर वाटलं, कँटीनमधलं मीच स्वप्नात बघितलं. सगळे उभे राहिले. त्याच्या हातात काही नव्हतं, फक्त मी लावलेला कॉलरचा माइक. तो पुढे आला, कानामागे हात धरला, पूर्ण वळला आणि म्हणाला, "महफ़िल सुनाए."

आणि लोक गायले. ज्यांना शब्द येत होते ते, आणि ज्यांना येत नव्हते तेही. तो त्यांच्यामधून फिरत हातानं ठेका देत होता, ओठ हलवत होता, आणि लोकांना वाटत होतं, केवढा मोठा माणूस, आपलं गाणं आपल्याला देऊन टाकतोय. मी त्याचा माइक बाहेर बंद ठेवला होता. माझ्या हेडफोनमध्ये मात्र तो चालू होता.

तो नुसते ओठ हलवत नव्हता. तो गात होता, पूर्ण गाणं, एकही शब्द न सोडता. कॅसेटवरचाच आवाज, थोडा जाड झालेला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बँडच्या सुराच्या खाली. ते ऐकून मला रडू आवरेना आणि रडायला मला मोकळीक नव्हती, कारण दिग्दर्शक माझ्या कानात ओरडत होता की त्याचा माइक वर घे, तो गातोय, मला दिसतंय.

"माइक गेलाय," मी म्हटलं.

साउंडवाल्या माणसानं असं सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं. दिग्दर्शकानं मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्यानं मला बरेच दिवस काम दिलं नाही. पण तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती. गाणं संपलं, लोक गेले, मुलगी जाताना मला लांबूनच कानामागे हात धरून दाखवून गेली.

तो माइक काढून द्यायला माझ्याकडे आला. बँडमधली गिटारवाली मुलगी तेवढी तिथे वायरी गुंडाळत बसली होती. माझे डोळे बघून त्याला कळलं.

"सुना आपने?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

"तो बताइए. मुझे कोई बताता ही नहीं."

मी गडबडले. गोड काहीतरी बोलून सुटावं असं वाटलं. पण हा प्रश्न ज्याला विचारता येईल असा माणूस त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळाला होता. मी म्हटलं, सूर खाली होता. किती, त्यानं विचारलं. अर्ध्या सुरानं, मी म्हटलं. सगळीकडे तेवढाच, की कमीजास्त? मी हेडफोनमधलं सगळं पुन्हा आठवून बघितलं आणि सांगितलं की सगळीकडे तेवढाच, कुठेही हलला नाही.

मला वाटलं, मी त्याला मारलंच. मग तो गिटारवालीकडे वळला आणि तिला गाण्याचा पहिला सूर छेडायला सांगितला. तिनं छेडला. त्यानं डावा कान तिच्याकडे केला, डोळे मिटले, त्याला जे ऐकू आलं त्याच्या वर मनातल्या मनात अर्धी पायरी चढला असावा, आणि पहिली ओळ म्हटली. मोठ्यानं नाही, त्या रिकाम्या स्टुडिओपुरती.

गिटारवाली मुलगी वायरी गुंडाळायची थांबली.

त्यानं डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. सूर लागला की नाही हे त्याला कळायला दुसरा मार्गच नव्हता. रोज साउंड चेकला तो करायचा तसा मी अंगठा वर केला.