भर येळवशीला

आमच्या मुडबीत येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, गावात चिटपाखरू उरत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील प्यायची, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीसंगं बाजरीचे उंडे खायचे आणि वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी शेताच्या बांधावरून उपाशी माणूस परत पाठवत नाहीत.

अप्पांनी मला पुण्याला न्यायला नेमका तोच दिवस निवडला.

"आज गाव रिकामं हाय. आताच निघू, कुनी इचारनार न्हाई," ते म्हणाले. आई शेतात पाहुण्यांना वाढत होती आणि कमळीला, म्हणजे मला, ताप आलाय म्हणून सांगत होती. कुलपं लावलेल्या गल्लीतून आम्ही बापलेक चोरासारखे निघालो आणि पुण्याच्या रेल्वेसाठी गुलबर्ग्याची बस धरली. शिवारातून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला तो अजून आठवतो, आणि अजून राग येतो.

मला काय झालं होतं? कानात माणसं बोलायची. कोण ते दिसायचं नाही, पण मला नावं ठेवायची. झोप गेली, अंघोळ सुटली. गावानं भानामती ठरवली, मग लिंबं झाली, अंगारे झाले. घरात माझं ताट वेगळं झालं. जर्मलचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं होतं, कडेला चेमटलेलं. कुणी मला छळलं असं म्हणणार नाही. सगळे घाबरले होते, आणि भ्यालेल्या माणसाला ताट वेगळं करण्यापलीकडं काही सुचत नाही. गुलबर्ग्यातही डॉक्टर होते, पण तिथं तुरीच्या अडतीवर निम्मं मुडबी भेटायचं. म्हणून पुणं, तिथल्या आत्याचं घर, आणि गावाला सांगायला 'पोरगी शिवणकाम शिकायलीया'.

तिथल्या वेड्याच्या दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज हळूहळू मागं सरले. पूर्ण गेले नाहीत, पण घरात राहणाऱ्या कटकट्या पाहुण्यासारखे झाले: असतात, आपण आपलं काम करायचं. काही वर्षांनी त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, नव्यानं येणाऱ्यांच्या सोबत बसशील का? रीतसर शिकवलं आणि गळ्यात कार्ड अडकवलं: पिअर सपोर्ट वर्कर. मी एसटीडी बूथवरून घरी कळवलं. आई म्हणाली, "म्हंजे काय करायलीस?" मी म्हटलं, "ज्या वाटेनं मी गेलते, त्या वाटेवरच्या लोकांसंगं चालायले." आई म्हणाली, "कुनाला सांगू नकोस." मला हसूच फुटलं. ज्या नोकरीला वेड लागून गेलेलं असणं हीच पात्रता, ती नोकरी लपवायची कशी?

पुढं हातात मोबाइल आले, त्या दिवसांत ठाणाकुशनूरची नीलम्मा आमच्याकडं आली. माझ्याच वयाची, भाऊ तिला दवाखान्यात सोडून गेलेला. ती जेवायची नाही. ताट पुढं आलं की भिंतीकडं तोंड. डॉक्टरबाईंनी समजावलं, नर्सनं समजावलं. मी जवळ बसले आणि आपल्या बोलीत विचारलं, "अक्का, तुमच्या घरी तुमचं ताट वेगळं होतं का?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "माजं जर्मलचं होतं," मी म्हटलं. ती म्हणाली, "माजं पत्र्याचं." मग मी तिच्याच ताटातला घास उचलून खाल्ला, आणि तिनं दुसरा उचलला. वरणात मीठ कमी होतं, हे आमचं पहिलं एकमत.

नीलम्मा बरी झाली. भावाला, शिवराजअण्णाला, फोन केला तर तो म्हणाला, "येळवशीला आना. गाव शिवारात असतंय. गुपचूप घरात आनून बसवू." माझं डोकंच फिरलं. जाण्याचा मुहूर्त तोच, येण्याचाही तोच! पण निर्णय माझा नव्हता. मी नीलम्माला विचारलं. ती म्हणाली, "येळवशीला जाऊ. पर घरी न्हाई, शेतात. मला उंडे खायचेत."

उदगीरहून बस धरून आम्ही ठाणाकुशनूरच्या फाट्यावर उतरलो आणि भर दुपारी शेतवाटेला लागलो. पहिल्याच बांधावरून हाक आली, "या बाई, जेवाया या!" मग हाक मारणाऱ्यानं नीलम्माला ओळखलं आणि त्याचा हात वरच राहिला. पुढच्या शेतात तिचा भाऊ, वहिनी, सगळा गोतावळा जेवत होता. सगळे थांबले. नीलम्माची बोटं माझ्या दंडात रुतली. इथून ती परत फिरली असती तर पुन्हा गावात पाऊल टाकलं नसतं.

मी मोठ्यानं सांगितलं, "मी मुडबीची कमळ. मलाबी असंच झालतं. दवाखान्यात होते, आता तितंच कामाला हाय. आमाला भुका लागल्यात."

शिवराजअण्णा मान खाली घालून बसून राहिला. वहिनी मात्र उठली. हिनंच ते पत्र्याचं ताट वाढलेलं. तिनं नीलम्माचा हात धरला, आपल्या जागेवर बसवलं आणि आपल्याच अर्ध्या जेवलेल्या ताटात भज्जी ओतली. "खा, वन्सं," म्हणाली आणि शेजारी बसून त्याच ताटात जेवू लागली. नीलम्मा रडत रडत जेवली. मी न रडता तिच्यापेक्षा जास्त जेवले.

मग पहिल्या बांधावरची हाक पुन्हा आली, मग पलीकडची. सांजेपर्यंत जेवून जेवून आम्हाला चालवेना. एका बाईनं मला तुरीच्या आडोशाला बोलावून विचारलं, "माज्या जावंला बी असंच व्हतंय. तिच्यासंगं बोलशील का?" मी तिथंच धसकटावर बसून बोलले.

नीलम्मा घरच्यांसोबत राहिली; परतीच्या बसमधून मी अप्पांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, "पुढल्या येळवशीला मी येते. भर दुपारी." ते एवढंच म्हणाले, "ये."

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गुपचूप गाव सोडलेल्यांनो, मला लोक विचारतात की आता तुझं घर कोणतं. गोळ्या, रेशन कार्ड, कामाचं कार्ड सगळं पुण्याचं आहे. पण माझी ओळख करून देताना जिथं कुणी आवाज खाली करत नाही, ते माझं घर. पुढच्या येळवशीला अप्पा बस थांबते तिथं उभे होते, डोक्यावर आंबिलीनं भरलेली बिंदगी, म्हणजे घागर, घेऊन. शेतवाटेनं ते पुढं, मी मागं. दर बांधावर ते थांबायचे आणि पलीकडच्या शिवारात ऐकू जाईल असे ओरडायचे,

"माजी लेक आलीया! वेड्याच्या दवाखान्यात बरी झाली, आन आता लोकांला बरं करायलीया! या, जेवाया या!"