सुंबाच्या काकाकुवाची सोयरीक, रास अल खैमात

आमच्या घरून पाठवणी झाली ती नवऱ्यामुलाची, आणि तीही पिंजऱ्यात बसवून. हसू नका. दुबईत घरी मोठा पोपट बाळगणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

बंड्या आमचा काकाकुवा. पांढराशुभ्र, डोक्यावर केशरी तुरा, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक दार वाजवायला यायचे. शेजारचं कुटुंब देश सोडून गेलं तेव्हा तो कागदपत्रांसकट आमच्याकडे आला. ही जात इंडोनेशियातल्या सुंबा नावाच्या एकाच बेटावरची. तिथली जुनी झाडं तुटली, त्यांच्या ढोल्यांबरोबर घरटी गेली, उरलेले पक्षी पिंजऱ्यांसाठी पकडले गेले. आता रानात फार थोडे राहिलेत. हे सगळं मला माहीत होतं, पण सकाळी चहाला हजर होणारा प्राणी नामशेष होत चाललाय हे काही केल्या डोक्यात शिरत नाही.

मग त्यानं स्वतःच्या छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत छाती उघडी पडली. डॉक्टरांनी सांगितलं, एकटा पडलाय, त्याला जोडीदारीण बघा, नाहीतर स्वतःला रक्तबंबाळ करेल. रास अल खैमात डोंगराच्या पायथ्याशी अशा पक्ष्यांची वीण वाढवणारं एक खासगी केंद्र आहे. तिथे सुंबाचीच एक मादी एकटी होती. बंड्याला कायमचं तिकडे ठेवायचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाई रुसल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुलगी बघायला मीपण येणार."

शनिवारी भल्या सकाळी निघालो. ३११ नंबरचा रस्ता धरा आणि शारजाचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत पार करा, नाहीतर खलास. उम्म अल क्वैन मागे पडलं की वाळू तांबूस होते आणि समोर उघडेबोडके डोंगर दिसायला लागतात. मला तो देखावा मनापासून आवडतो. पेट्रोल पंपावर इथला कडक दुधाळ करक चहा घेतला. "दोन दिरहम? म्हणजे पन्नास रुपये! अगं बाई, एवढ्याशा कपाला?" असं म्हणत सासूबाईंनी दुसरा कप मागवला. पिंजऱ्यावर चादर टाकलेली होती, आतून बंड्याचं कुरकुरणं चालू. पक्षी गाडीनं नेणार असाल तर हिवाळ्यातच न्या आणि एसीचा झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नका.

केंद्राच्या डॉक्टर नसरीन मूळच्या हैदराबादच्या. त्यांनी बंड्याची छाती पाहिली आणि विचारलं, "इसको सबसे ज़्यादा कौन सँभालता है?"

"मैं," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "पाठ पे हाथ फिराती हूँ तो सोता है. कभी कभी खांदे पे उलटी करता है, फिर मैं ओवे का पानी देती हूँ."

डॉक्टरांना हसू आवरेना. ती उलटी नव्हतीच. काकाकुवा आपल्या जोडीदाराला गळ्यातला घास काढून भरवतो. पाठीवरून हात फिरवणं ही त्याच्या भाषेत बायकोनं करायची गोष्ट. माणसांत वाढलेला नर माणसालाच जोडीदार समजतो. "अम्मा, आप इसकी बीवी हैं."

माझा नवरा मकरंद तर खुर्चीवरून पडायचाच राहिला. सासूबाई लाजल्या आणि चिडल्यासुद्धा. "काहीतरीच! माझ्या नातवासारखा आहे तो!"

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. या जातीतला बिथरलेला नर मादीवर तुटून पडतो, कधी जीवही घेतो. म्हणून आधी शेजारशेजारचे पिंजरे, मध्ये जाळी. घरट्याच्या पेटीला दोन दारं, म्हणजे तिला पळायला वाट राहते. सुंबाच्या मादीचे डोळे तांबूस, नराचे काळेभोर, हे तिथेच कळलं. डॉक्टरांनी एकच अट घातली. आम्ही पडद्याआडून बघायचं, आवाज करायचा नाही, आणि निघताना तसंच गुपचूप निघायचं.

रात्री हॉटेलजवळ तळलेली सुरमई आणि भात खाल्ला. अप्रतिम. सासूबाईंनी दोन घास खाऊन ताट सारलं.

रविवारी सकाळी पडद्याआडून पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ती जाळीपाशी येऊन मान वाकवून उभी होती. बंड्यानं तुरा फुलवला, एक पाय पुढे, मग दुसरा. हळूच तिच्या डोक्यावरचं पीस चोचीत धरून साफ केलं. डॉक्टरांनी खूण केली, निघा.

आता आपल्या माणसांचं निघणं तुम्हाला माहीत आहे. चपला घातल्यावर अर्धा तास दारात गप्पा, आणि न सांगता निघणं म्हणजे तर अपमानच. सासूबाई बोळात पोचल्या, थांबल्या, आणि वळून ओरडल्या, "बंड्या, येते रे बाळा! नीट राहा!"

तो गर्रकन वळला. किंचाळत त्यांच्या आवाजाच्या दिशेला जाळीवर आदळला. ती बिचारी मधल्या जाळीला धरून होती, तर फिरून जाळीतून तिच्याच पायाला चावला. तिच्या बोटातून रक्त आलं.

डॉक्टरांनी मध्ये फळी सरकवली. "अम्मा, बस. अब आप यहाँ नहीं आएँगी. सब फिर शुरू से."

जेबेल जैस डोंगरावर जायचा बेत रद्द. तुम्ही मात्र जा, वळणावळणाचा तो रस्ता केवळ सुंदर आहे. आम्ही सरळ दुबई गाठली. वाटेत सासूबाई रडत म्हणाल्या, "माझ्यामुळे त्या पोरीला लागलं गं." मी त्यांचा हात धरून बसले. मला रागही आला होता आणि दयाही येत होती.

घर इतकं शांत झालं की खालच्या मजल्यावरच्यांनी चौकशी केली. केंद्राकडून निरोप मात्र चांगले येत गेले. मादीचा पाय बरा झाला. फळी निघाली, मग जाळीही निघाली. बंड्याच्या छातीवर कापसासारखी पांढरी पिसं दिसायला लागली. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी व्हिडिओ पाठवला. दोघं पेटीचं दार कुरतडून मोठं करत होती, म्हणजे इन्शाल्ला यंदा अंडी. मागोमाग फोन आला. "अम्मा, अब वो पक्का हो गया है. शनिवार को आइए, परदे के पीछे से देख लीजिए."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सासूबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला, शेवटपर्यंत पाहिला.

"नको," त्या मला म्हणाल्या. "माझ्याच्यानं तिथे गप्प बसवणार नाही. त्याला मला विसरू दे."

मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. त्या शनिवारी आम्ही दुसऱ्याच दिशेला, फुजैराला गेलो.