पाटीसमोर न थांबलेली गाडी

आमच्या अर्नाळ्यात प्रेमलताकाकीच्या हाताला सगळे वचकून असत. अंगाने किडकिडीत, पण हात उचलला की समोरच्याचा कान दिवसभर वाजत राहायचा. मासळी विकायला ती सरकारी लाल गाडीने विरारला जायची. एकदा गाडीत एका साहेबाने वास येतो म्हणून तिच्या पाटीला लाथ मारली. काकीने त्याची कॉलर धरली, दारापर्यंत फरफटत नेला आणि अर्ध्या वाटेत उतरवला. कंडक्टरने निमूट घंटी मारली. मला विचाराल तर बरंच केलं. गाडी जितकी साहेबाची तितकीच तिची होती.

त्या गाडीची एक रीत होती. मागची जागा पाट्यांची. बायांना उशीर झाला, तर जी पुढे असेल तिने आपली पाटी खुशाल रस्त्याच्या मध्ये ठेवायची. ड्रायव्हर शिव्या घालायचा, पण ब्रेक मारायचा. एखादी फेरी आलीच नाही की काकी डेपोत जाऊन तिथल्या साहेबाचं टेबल आपटायची आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच बोंबील देऊन यायची. सरकार म्हणजे तिच्या लेखी असं, समोर बसलेलं, भांडता येण्यासारखं माणूस होतं.

मग तोट्यातल्या फेऱ्या सरकारने चालवायच्या नाहीत, असं वर कुठेतरी ठरलं. लाल गाड्या गेल्या आणि पालिकेने नेमलेल्या ठेकेदाराच्या आल्या. आपोआप मिटणाऱ्या दारांच्या, अंगावर शहराचं नाव रंगवलेल्या. पहिल्याच दिवशी ठेकेदाराच्या माणसाने काकीला पाटीसकट पायरीवरून ढकललं. मांदेली धुळीत पडली, काकीचा ओठ फुटला. ती उठली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. आतली माणसं काचेतून बघत राहिली, आणि त्यांत आमच्याच गावचे चारदोन होते.

काकी तक्रार घेऊन सरकारी ऑफिसात गेली. तिथे म्हणाले, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराकडे बसलेल्या मुलीने सांगितलं, नियम वरून आलेत, मासळीसाठी टेम्पो करा. टेम्पोवाला भरल्याशिवाय हलायचा नाही. तोवर बर्फ वितळून मासळी मऊ पडायची आणि सकाळचं गिऱ्हाईक जायचं. हिरामणकाका, तिचा नवरा, वाताने घरी बसलेले. घर त्या पाटीवर चालत होतं. आता टेबल आपटायचं ते कोणाचं, असं काकी मला म्हणाली, तेव्हा पहिल्यांदाच ती मला म्हातारी वाटली.

तरी एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. रंग बदलला, दारं बदलली, पण गाडीवर शहराचं नाव आहे म्हणजे ती आपल्यासमोर थांबणारच. एके सकाळी टेम्पो आलाच नाही. नाक्यावर बाया ताटकळल्या होत्या, तेवढ्यात ठेकेदाराची गाडी दिसली. काकीने सुनेला, स्वप्नाला, सांगितलं की पाटी मध्ये ठेव. तिने ठेवली. गाडी हॉर्न वाजवत आली आणि वेग काही कमी होईना. स्वप्ना पाटी ओढायला वाकली. चाक पाटीवरून गेलं आणि तिच्या उजव्या हातावरूनही गेलं. कोपराखाली मासळी कुठली आणि हात कुठला ते कळत नव्हतं. मी तिथेच होतो, त्यामुळे हे सौम्य करून सांगणार नाही.

दोघीतिघींनी स्वप्नाला रिक्षात घातलं. बाकीच्यांनी पुढे थांबलेल्या गाडीतून ड्रायव्हरला केस धरून खाली ओढला. गास गावचा धनेश, पंचविशीचा पोरगा. चपला, दगड, लाथा, जे मिळेल त्याने त्याला मारलं. दात पडले, भुवई फाटली. काकी मासळी कापायचा कोयता घेऊन आली तशा बाया बाजूला झाल्या.

"मावशी, मध्ये थांबलो तर फेरीचे पैसे कापतात," तो रक्त थुंकत म्हणाला. "पाटी घेतली तर घरी बसवतात. वाटलं, ती हटेल."

मग तिने कोयता घातला तो गाडीवर. काचा, आरसे, दिवे, ते आपोआप मिटणारं दार. स्वतःचे हात रक्ताने भरले तरी ती थांबेना. पोलिसांनी तिला दंडांना धरून उचलून नेलं.

ठाण्यात फौजदार म्हणाले, सरकारी गाडी फोडलीस, कलम मोठं लागेल.

"सरकारची होती, तं थांबली का नाय?" काकीने विचारलं.

ते तिच्याकडे न बघता लिहीत राहिले.

स्वप्नाचा हात कोपरापासून कापावा लागला. धनेशला त्याच दिवशी काढून ठेकेदाराने दुसरा पोरगा बसवला. काकी जामिनावर सुटली आणि आता रोज नाक्यावर टेम्पोची वाट बघत बसते. परवा मी तिच्याजवळ उभा होतो. ठेकेदाराची गाडी लांब वळणावर दिसली मात्र, काकी घाईघाईने उठली आणि रस्त्याच्या कडेलाच असलेली पाटी तिने दोन्ही हातांनी आणखी मागे, पार भिंतीपर्यंत ओढली. मला इतका संताप आला की गाडीवर दगड मारावासा वाटला. गाडी निघून गेली, तरी काकीने पाटी पुढे आणली नाही.