बियाण्याचा भात

ओव्हरसियरने माझी वही दोन बोटांत धरली, नाकाजवळ नेली आणि झटकन हात लांब केला.

"हिच्या वहीलासुद्धा बोंबलाचा वास," तो म्हणाला.

कारकून हसला. मोजणीची साखळी ओढणारे साखळीवाले हसले. मी ओढ्यावरून अंघोळ करून आले होते, केसांतून पाणी गळत होतं. माझी टोपली उपडी पडली होती. आतलं सगळं मातीत. लुगडं, फणी, विळी, मिठाची पुरचुंडी. त्यांनी टोपली उपडी केली होती दाणा शोधायला. सापडली वही.

मी हात पुढे केला. त्याने वही दिली नाही. पानं उलटत तो मोठ्याने वाचू लागला. "सोनीचं घर. जवळा आवडतो. सासू आंधळी. नागली थोडी, भात नाही." पुन्हा हसू. मी हात तसाच पुढे धरून उभी होते. खाली घ्यावा की नाही, ते कळत नव्हतं. "जानीचं घर. आढ्याला तीन मुडे."

तिथे तो थांबला. हसणंही थांबलं. आठ दिवस सगळे अर्धपोटी होते.

"मुडा म्हणजे भातच ना?" त्याने कारकुनाला विचारलं. मग माझ्याकडे वळला. "आणि काल तू म्हणालीस, या पाड्यात खायला काही नाही."

वासाचं मला काही वाटलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. खोटं आहे. वाटलं. पण त्या वहीमुळे पुढे जे झालं, ते त्याहून वाईट होतं, आणि ते माझ्या हाताने झालं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी झाईची. घर समुद्रावर. नवरा होडीवर जायचा, मी मासळी वाळवायची आणि विकायला न्यायची. बाजारात नाही, पाड्यांवर. डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन तलासरीवरून उधव्यापर्यंत, आणि तिथून पुढे डोंगराच्या पायथ्याला. जाऊन येऊन आठ-दहा दिवस. वाटेत वारल्यांची घरं. मासळी द्यायची, भात किंवा नागली घ्यायची. दुपारी ज्या घरी पोचेन तिथे जेवायचं, संध्याकाळी जिथे अंधारेल तिथे झोपायचं. बरोबर शिदोरी कधी नेली नाही. इतकी वर्षं चालले, एकदाही उपाशी झोपले नाही.

मी चौथी शिकलेली. आमच्या आळीत तेवढी शिकलेली बाई मी एकटी. वही ठेवायची. कुठल्या घरी काय आवडतं, कुठे बाळंतीण आहे, कुठे जुना भात शिल्लक आहे. आणि बियाणं. ते मी का लिहायची, ते सांगते. वारली माणूस पेरणीचं भात वेगळं काढतो, पेंढ्यात घट्ट बांधून त्याचा मुडा करतो आणि चुलीवरच्या आढ्याला टांगतो. धुराने कीड लागत नाही. घरात दाणा संपला, पोरं रडली, कंद उकडून खावे लागले, तरी मुडा खाली येत नाही. पण एखाद्याचा मुडा उंदीर फोडतात. मग त्याला दुसऱ्या पाड्यावरून बियाणं मागायला लागतं. कुणाकडे जास्तीचं आहे, हे त्याला कळणार कसं? मासळीवाल्या बाईकडून. मी इकडचा निरोप तिकडे न्यायची. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. पण मी ते नीट करायची, आणि मला त्याचा अभिमान होता.

महाराष्ट्र व्हायला अजून दोन वर्षं होती. उन्हाळ्यात मोजणीवाले झाईला आले. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत कसल्यातरी रस्त्याची आखणी होती. एक ओव्हरसियर, एक कारकून, आठ साखळीवाले. महिनाभर चालायचं. त्यांना पाडे माहीत असलेलं माणूस हवं होतं. गावाने माझं नाव सांगितलं.

मी त्या संध्याकाळीच हिशेब मांडला. माणशी दिवसाला शेरभर दाणा. मला धरून अकरा माणसं. चार दिवसांना चव्वेचाळीस शेर, म्हणजे दोन गड्यांचं ओझं. त्याहून जास्त उचललं तर मोजणी कोण करणार? तेव्हा तलासरीच्या बाजारात पहिला भरणा, उधव्याच्या बाजारात दुसरा. पुढे बाजार नाही, म्हणून उधव्याहून एक बैलगाडी आधीच पायथ्याच्या शाळेकडे पाठवायची. तांदूळ, मीठ, मिरची, गूळ. सुकी मासळी माझ्याकडून. मी हे सगळं कागदावर लिहून ओव्हरसियरपुढे ठेवलं.

त्याने कागद वाचला, खरं सांगते, पूर्ण वाचला. मग परत दिला.

"माणसं राहतात तिथे चूल असते," तो म्हणाला. "चूल असते तिथे दाणा असतो. तो कुठे आहे हे तुला माहीत आहे. नाहीतर तुला कशाला घेऊ?"

मी म्हटलं, लोकांकडे आता उन्हाळ्यात स्वतःपुरतंही नसतं. तो म्हणाला, साहेब येतो तेव्हा निघतं. इंग्रजांच्या वेळेपासून निघत आलंय.

मग त्याने सहज बोलावं तसं एक वाक्य टाकलं. आम्ही बोंबील टांगतो ती किनाऱ्यावरची जागा कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं. कुणाच्याच नव्हती. चाळीस घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळवत होती. कागद कुणाकडे नव्हता. "नकाशात काहीतरी दाखवावं लागेल," तो म्हणाला. एवढंच. आवाज चढवला नाही.

मी टोपली उचलली आणि त्यांच्यापुढे चालू लागले.

पहिले सहा दिवस मी माझी मासळी दिली आणि दाणा घेतला. माझ्या घरांचं नुकसान होऊ दिलं नाही. ओव्हरसियरचं खाणं वेगळ्या पेटीत होतं, तूप, बिस्किटं, चहासाखर, लोणचं. ती पेटी उचलायला आठांतला एक गडी वेगळा. आम्हा बाकीच्यांचं माझ्या टोपलीतून. सातव्या दिवशी टोपली संपली. मग मी दारात उभी राहून नुसती मागू लागले. ज्यांनी मला वर्षानुवर्षं घरात घेतलं, त्यांच्या दारात. मागे खाकी चड्डीतला कारकून. लोक माझ्याकडे पाहायचे, मग त्याच्याकडे, आणि आत जाऊन सूपभर नागली आणायचे. कुणी नाही म्हटलं नाही. मला वाटायचं, एकाने तरी म्हणावं.

उधव्याच्या बाजारावरून आम्ही गेलो तेव्हा मी पुन्हा एकदा म्हटलं, इथे घ्या, पुढे काही नाही. तो म्हणाला, पुढे तू आहेस.

पायथ्याच्या त्या पाड्यावर सात घरं होती. मी पाहिलं, आणि खोटं बोलले. म्हटलं, काही नाही. तो आला तेव्हापासून मी बोललेलं पहिलं खोटं. त्याने विश्वास ठेवला असता, जर माझ्याच अक्षरात उलटं लिहिलेलं नसतं. मुडे वहीत लिहावेत हे सुचणारी मी. मुडे कुणी खाईल हे न सुचणारीही मीच. आमच्याकडे, वारल्यांकडे, कुणाच्याच डोक्यात हे येत नाही. बियाणं म्हणजे दाणा नव्हे. पण वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेली होती, आणि वाचणाऱ्याला फरक कळत नव्हता.

कारकून दोन साखळीवाल्यांना घेऊन जानीच्या घरात शिरला. जानी माझ्याच वयाची. तिच्या धाकट्या पोरीच्या बाळंतपणाला मी तीन दिवस त्या घरात राहिले होते. ती दारातून बाजूला झाली. ओरडली नाही, रडली नाही. आत काठीने दोरी तोडल्याचा आवाज आला आणि मुडा खाली पडला.

"बाय," ती म्हणाली, "ते आमचं पेरायचं हाय. ह्यांना सांग ना."

मी सांगितलं. ओव्हरसियर म्हणाला, पेरणीला अजून महिना आहे, तोवर कुठूनतरी मिळेल हिला. मला म्हणाला, तू तर निरोप पोचवतेस ना, पोचव.

भात कांडायला साखळीवाल्यांना येत नव्हतं. तेही भुकेले होते, माझ्याकडे बघत होते. मला सांगितलं गेलं. मी जानीच्या अंगणात, जानीच्या उखळात, जानीचं बियाणं कांडलं. ती उंबऱ्यावर बसून होती. मुसळ मी खाली आणलं की ती दर वेळी डोळे मिटायची.

भात शिजला. धुराचा वास होता त्याला. सगळे जेवले.

मीही जेवले. हे लिहायला मला बारा वर्षं लागली. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. ताट पुढे आलं, भूक होती, मी जेवले.

सकाळी कारकून वही घेऊन उभा. उरलेले दोन मुडे उतरवायचे, दोन दिवसांचं बरोबर घ्यायचं, आणि पुढच्या पाड्यावर वहीत आणखी चार मुडे लिहिले आहेत, असं तो ओव्हरसियरला सांगत होता. माझं अक्षर चांगलं आहे, असंही म्हणाला.

मी जानीच्या दारात जाऊन बसले. आडवी. पाय एका चौकटीला, पाठ दुसऱ्या चौकटीला.

"ऊठ," ओव्हरसियर म्हणाला.

"नाही."

"किनाऱ्यावरची जागा विसरलीस?"

"नाही विसरले. लिहा काय लिहायचं ते."

तो साखळीवाल्यांकडे वळला. हिला उचला, म्हणाला. कुणी हललं नाही. त्यातला एक, घोलवडकडचा थोराड गडी, जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, काल आम्हाला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक हाय." आणि साखळी खाली ठेवली.

ओव्हरसियर खूप बोलला. घाणेरडी, मासळीवाली, तुझ्या जातीला डोक्यावर चढवलं की अशीच. मी ऐकत होते आणि मोजत होते. अकरा माणसं, दोन गड्यांचं ओझं, उधवा एक दिवसाच्या चालीवर. सगळं जसंच्या तसं होतं, मी झाईला मांडलं तसंच. शेवटी कारकून आणि दोन गडी उधव्याला गेले आणि बैलगाडीतून दोन पोती तांदूळ घेऊन आले. दोन दिवस मोजणी बंद राहिली. एवढंच काम होतं ते. दोन पोती आणि एक गाडी. तोवर ते केलं नव्हतं, कारण करायची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती.

मी टोपली घेऊन परत निघाले. जानीला म्हटलं, मी बियाणं आणून देईन, कुठूनही आणेन. ती म्हणाली, "तू लिवलंस, म्हणून त्यांना समजलं."

मी टोपली खाली ठेवली.

"पुढच्या टायमाला आलीस तर भायेर बस," ती म्हणाली.

मी पावसाआधी बियाणं नेऊन दिलं. तिने ते घेतलं. मी बाहेर बसले. अजूनही बाहेरच बसते.

पुढल्या वर्षी नकाशा आला. आमच्या जागेवर एकच शब्द होता. पडीक. चाळीस घरं माझ्या दारात आली, आणि तू एक दिवस गप्प बसली असतीस तर, असं म्हणाली. त्यांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. मी प्रत्येक घरी गेले. कोण कुठे मासळी टांगतं, किती पिढ्या, शेजार कुणाचा, ते लिहून घेतलं. ज्याचं त्याला वाचून दाखवलं. हे साहेबाच्या हातात पडलं तर चालेल का, असं प्रत्येकाला विचारलं. ज्याने नको म्हटलं ते तिथल्या तिथे खोडलं. बाकीचं डहाणूला दाखल केलं. दहा वर्षं झाली. निकाल नाही. मी दर महिन्याला जाते.

गेल्या आठवड्यात दुसरे मोजणीवाले आले. यांचा साहेब तरुण आहे, मला ताई म्हणतो, बसायला खुर्ची देतो. पाडे माहीत असलेलं माणूस हवं आहे, म्हणाला. रानात खाण्यापिण्याची व्यवस्था तिथल्या तिथे होईल ना, असं विचारलं.

मी विचारलं, धान्याच्या गाड्या किती सांगितल्यात?

तो म्हणाला, अहो ताई, रानात कोण पोती घेऊन जातं?

"मग जाऊ नका," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही. त्याच दिवशी मी झाईतलं एकेक घर फिरले, आणि दुसऱ्या दिवसापासून तलासरीच्या वाटेवरचे पाडे. दारातूनच सांगत गेले. स्वतःचं अन्न स्वतः वाहून न आणणाऱ्या मोजणीवाल्याला कुणी वाट दाखवायची नाही, ओझं उचलायचं नाही, घर दाखवायचं नाही. उद्या उधव्याला पोचेन. तिथून पायथ्याला.