तुम्ही मूळचे कुठले?

वेरिबी उपनगरातलं आमचं घर एजंटशिवाय विकायचं ठरलं आणि नवऱ्याने जाहिरात लिहून काढली. मोठं किचन, ईशान्येला देवघर, आणि शेवटी: ‘आपल्या महाराष्ट्रीय कुटुंबास प्राधान्य.’

माझं डोकंच फिरलं. “अरे, जात-धर्म-देश बघून घर विकणं इथे बेकायदा आहे!”

“नाकारतोय कुठे? प्राधान्य देतोय फक्त.”

या देशात नवीन असताना आम्ही डँडेनॉन्गला भाड्याचं घर बघायला गेलो होतो. मालकिणीने दारातच विचारलं होतं, तुमच्यात करी फार करतात ना? दुसऱ्या दिवशी ते घर ‘आधीच गेलेलं’ होतं. परतताना ट्रेनमध्ये हा बाबा सारखा स्वतःच्या शर्टाचा वास घेत होता.

“त्या बाईनेही प्राधान्यच दिलं होतं,” मी म्हणाले.

त्याने ती ओळ खोडली. पण खोड जाते थोडीच! माणूस भेटला की दुसऱ्या मिनिटाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून मी बजावलं: येईल त्याला तेच घर, तीच माहिती, तोच चहा. कुठले, कोण, मुलं किती, काही विचारायचं नाही.

शनिवारी एक उंच, काळीसावळी नर्स नवरा आणि चार मुलांसह आली. आमच्या साहेबांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गराज बघायचंय?” मला हसू आवरेना.

सगळ्यांत चांगली ऑफर त्यांचीच आली. लगेच नवऱ्याच्या मराठी मंडळातल्या एका मित्राचा फोन. “माझा मेव्हणा तेवढेच देतो. परक्यांना कशाला? देवघर आहे रे तुझं!”

मी फोन हिसकावणारच होते. पण नवरा शांतपणे म्हणाला, “मी त्यांना हो म्हटलंय. आणि देव आम्ही सोबत नेतोय, मेट, नो वरीज.”

मला असा अभिमान वाटला त्याचा! लग्नातही वाटला नव्हता.

किल्ल्या घेताना ती बाई थोडी थांबली. “वी सॉ सो मेनी हाउझेस,” ती म्हणाली. “एव्हरीवन आस्क्ड फर्स्ट, व्हेअर आर यू फ्रॉम. यू नेव्हर आस्क्ड.”

नवऱ्याने घसा खाकरला. आयुष्यभराची खोड ओठांवर आली असणार.

“कचऱ्याचे बिन्स मंगळवारी रात्री बाहेर ठेवायचे,” तो म्हणाला. “यू आर फ्रॉम हिअर नाऊ.”