दोन बाटल्या पाणी पिऊन घेतलेलं कमरेतलं इंजेक्शन

माझी कंबर गेली ती पोरगी झाल्यावर. सिझर झालेलं, तेव्हा मणक्यात सुई दिलेली, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी ठरवूनच टाकलं की त्या सुईनेच माझी कंबर नेली. डॉक्टर म्हणाले तसं काही नसतं. पण डॉक्टर एकटे आणि बायका अकरा, मी कोणाचं ऐकणार?

दीड वर्ष झालं तरी दुखणं जाईना. पोरगी समोर उभी राहून दोन्ही हात वर करायची, उचल म्हणून. मी आपली खाली बसून तिला मिठी मारायचे. तिला मिठी नको असायची, तिला वर यायचं असायचं. मग ती रागाने माझे केस ओढायची आणि आम्ही दोघी रडायचो.

शेवटी ठाण्याला कोपरीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, कमरेत मणक्याजवळ इंजेक्शन देऊ, सोनोग्राफीवर बघून देऊ म्हणजे सुई बरोबर जागी जाते. मला त्यातलं ऐकू आलं फक्त मणका आणि सुई. एकदा सुई दिली तर कंबर गेली, दुसऱ्यांदा दिली तर पाय जातील, मग पोरीला कोण बघणार? तीन दिवस नवऱ्याला हेच विचारत राहिले.

"अगं मशीनवर बघून देतात," नवरा म्हणाला. "अंदाजपंचे नाही मारत."

"आणि मशीनमध्ये नाही दिसलं तर?"

हे सासूबाईंनी ऐकलं. त्या डोंबिवलीजवळच्या जुन्या गावातल्या, त्यांना सगळं माहीत असतं. "सोनोग्राफी हाय ना? मंग पानी पी गो. पानी नाय प्यायलीस तं काय दिसनार नाय."

मला एकदम पटलं. पोटुशी असताना दर सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचे, एकदा कमी प्यायले तर सोनोग्राफीवाल्या बाईंनी परत बाहेर बसवलेलं. म्हटलं, इथे नीट दिसलं नाही आणि सुई भलतीकडेच गेली तर? म्हणून डोंबिवलीहून निघताना रिक्षात एक बाटली संपवली, कोपरीत पोचल्यावर दुसरी. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन बाजूला उभ्या, "अजून दोन घोट, अजून दोन घोट."

आत गेले तर डॉक्टर म्हणतात, "पालथ्या झोपा." आणि सिस्टरने पोटाखाली उशी दिली. बरोब्बर तिथेच. तेव्हा मला कळलं की आपलं काहीतरी चुकलंय.

पण सांगणार कसं? पुरुष डॉक्टर, परका माणूस. त्यांनी कमरेवर थंडगार जेल लावलं आणि म्हणाले, "आता अजिबात हलायचं नाही हं." घरून निघताना मी देवीला बोललेले, माझे पाय राहू दे, तुझी ओटी भरीन. तिथे पडल्या पडल्या सांगितलं, आई, पायांचं नंतर बघू, आधी हे सांभाळ.

"इतक्या ताठ का झालात? सैल सोडा अंग."

"डॉक्टर, सैल सोडायला सांगू नका हो, पाया पडते."

"घाबरू नका ताई," सिस्टर म्हणाली.

मी डोळे गच्च मिटून दातावर दात दाबून पडलेली. आजीने शिकवलेली आरती म्हणायला घेतली तर एक ओळ आठवेना, पाणी सोडून काही सुचतच नव्हतं. एवढ्यात डॉक्टर म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"इंजेक्शन."

आईशप्पथ, मला कळलंच नाही. जरासं टोचलेलं, मला वाटलं जेल पुसतायत.

"आता अर्धा तास पडून राहा, पाय थोडे जड वाटतील, एकट्याने उठू..." डॉक्टरांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी एका पायात चप्पल घालून दारापाशी. सिस्टर माझा दंड पकडून मागे धावतेय, "अहो ताई, पडाल!" बाहेर बाकावर सासूबाई. त्यांनी मला धावताना बघितलं आणि सगळ्या पेशंटना ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगो, पाय हायत हिचे! दोनी हायत!"

बाथरूममधून आल्यावर मी खरं काय ते सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी हसून हसून चष्मा काढून डोळे पुसले. "अहो, मशीन पाठीवर लावायचं होतं. पाणी कशाला?" सासूबाई मात्र अजून बिल्डिंगमध्ये सांगतात, दोन बाटल्या पानी पिऊन जा, सुई कळत नाय. आणि मला खोटं पण म्हणता येत नाही.

कंबर अगदी पहिल्यासारखी नाही झाली. पण दुखणं निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पोरीला उचललं नाही, व्यायाम केले. मग एका सकाळी तिने हात वर केले. मला शिकवलेलं तसे मी गुडघे वाकवले, श्वास धरला आणि उचलली. वर आली! केवढी जड झालेली.

ती खुश होऊन माझ्या गळ्यात पडली आणि तिथेच माझ्या गाऊनवर शू केली. मी तिला तशीच कडेवर ठेवली. धरून ठेवणं काय असतं ते मला माहीत होतं.