दसऱ्याची डिलिव्हरी

अकोल्यात माझ्या भावाचा गाड्या बांधायचा छोटा कारखाना आहे. तिथं त्यानं नवी सवारी गाडी तयार केली. ती डिझेल इतकं कमी प्यायची की लोक मुद्दाम बघायला येत. पण हे अ‍ॅव्हरेज काढायला त्यानं सगळंच हलकं केलं होतं, ब्रेकसुद्धा. गाडी चालवून पाहिली ती अमरावतीच्या सपाट रस्त्यावर. पहिलं गिऱ्हाईक मात्र परतवाड्याचं, सेमाडोहच्या घाटात सवाऱ्या नेणारं.

"दादा, एकदा घाटात उतरवून पाह्य. कावून एवढी घाई करून राहिला?"

"दसरा थांबते का तुह्यासाठी? दुसऱ्याची गाडी आधी आली तं आपल्याले कोण विचारते?"

असा संताप आला! पण कारखान्यात पूजेला पाहुणे जमले होते. मी पूजेचं ताट धरून उभी राहिले.

कारखान्याच्या फाटकात थोडा उतार आहे. तिथं गाडी उभी करून दादानं हँडब्रेक करकचून ओढला आणि खाली उतरला. वहिनीनं हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. गिऱ्हाइकानं नारळ फोडला, आणि तेवढ्यात लिंबू फच्चकन फुटलं.

"शुभ झालं!" कोणीतरी ओरडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत कोणीच बसलेलं नव्हतं. किल्ली माझ्या ताटात, कुंकवाशेजारी होती.

दादानं चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानं ताटातली किल्ली उचलली आणि हसत गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली.